मधोमधचा उंचवटा
तलावातल्या गाळाचा वास आला की तो उन्हाळा आठवतो. वीजप्रकल्पाचं बांधकाम संपलं आणि माझी सेंट्रिंगची ठेकेदारी बसली. रोजगार हमीवाल्यांना मी ‘सरकारी जावई’ म्हणत असे. आता फावडं घेऊन मीच त्यांच्यात तलावाचा गाळ काढायला गेलो. खड्डा इतका सफाईने खणला, की खोली मोजायला मधोमध सोडायचा मातीचा उंचवटाही छाटून टाकला. मोजणीचा साहेब मजुरी लिहीना. मी भांडायला उठलो. शेजारची बाई म्हणाली, “जावईबापू, कायले तापून राहिले? साहेब, माहा खड्डा लागूनच आहे, माह्या उंचवट्यावरून मोजा.” बाया खो-खो हसल्या, मजुरी मिळाली. आता मी कोणाला जावई म्हणत नाही. ती मात्र आमच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात मासे विकताना मला अजून जावईबापूच म्हणते, आणि भाव एका रुपयानेही सोडत नाही.