सैल नसलेली दांडी

मिस्त्रींना अख्खी गल्ली ‘गुण्या’ म्हणायची. अर्थात पाठीमागे. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार, आणि ते मिस्त्रींच्या मागच्या खिशात कायम खोचलेलं असायचं. कुणाकडे बसायला गेले, की चहा येईपर्यंत त्यांनी त्या घराच्या खिडकीला गुण्या लावलाच म्हणून समजा. खिडकी तिरकी निघाली, की बिनसाखरेचा चहाही त्यांना गोड लागायचा.

माणूस तोंडाचा मात्र वाईट नव्हता. उभ्या जन्मात त्यांनी बायकोवर आवाज चढवला नाही, मुलावर हात उगारला नाही. आणि याचा त्यांना कोण अभिमान! “मी कुणाला बोलत नाही, गुपचूप दुरुस्त करून ठेवतो,” असं ते छाती फुगवून सांगायचे. तसं ते ठेवायचेही. बायकोने चादरींच्या घड्या घातल्या, की त्या मोडून पुन्हा घालायचे. मुलाने हौसेने स्टूल केलं, की तो जेवायला गेल्यावर ते खोलून पुन्हा जोडायचे. पोरगा येऊन बघायचा, तर स्टूल जागच्या जागी, पण त्याचं म्हणावं असं त्यात काही उरलेलं नसायचं. तो हूं की चूं करायचा नाही. एके दिवशी त्याने पटाशी खाली ठेवली ती ठेवलीच, आणि परगावी एका गोदामात कारकुनी धरली.

“हाताला वळणच नाही हो त्याच्या,” मिस्त्री आपल्या सुतारकामाच्या दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. “नाहीतर दुकान काय मला डोक्यावर घेऊन जायचंय?” पण पोराने परत यावं आणि दुकान चालवावं, ही एकच इच्छा त्यांना रात्रंदिवस पोखरत होती.

मग बायकोचे गुडघे गेले. मुलगा रजा टाकून आला. आई पलंगापासून न्हाणीपर्यंत भिंत चाचपडत जाते, हे त्याने पाहिलं आणि कितीतरी वर्षांनी दुकानात शिरून रंधा हातात घेतला. आधारासाठी धरायची लांब दांडी त्याने केली, घासून घासून गुळगुळीत केली आणि भिंतीला बसवली. आई तिला धरून एकटी न्हाणीपर्यंत जाऊन आली आणि लहान मुलीसारखी हसली. “अहो, हात लावून बघा तरी. किती मऊ लागतेय!”

मिस्त्री “हं” म्हणाले.

दोन दिवसांनी दुपारी मुलगा औषधं आणायला गेला होता. बायकोचा डोळा लागला होता. मिस्त्रींनी स्क्रू फिरवून दांडी उतरवली, जुनी भोकं सिमेंटने बुजवली, बोटभर वर नवी पाडली आणि लांब स्क्रू आणायला ते दुकानात गेले. तेवढ्यात बायको उठली. दोन दिवसांत हाताला सवय झाली होती. अर्धवट झोपेत तिने दांडी धरायला हात टाकला, आणि हाताला नुसती भिंत लागली.

खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळाच्या व्हरांड्यात मुलाने विचारलं, “बाबा, दांडी काढली कशाला होती?”

“सैल होती जरा,” मिस्त्री म्हणाले.

पोराने मान खाली घातली, ती बराच वेळ वर केली नाही. आईच्या कानावरही ते गेलंच. जो भेटायला येईल त्याला ती मुलाचा हात धरून सांगायची, “याला कुणी काही बोलू नका. चुकून राहिलं असेल. मायेने बसवली होती हो पोराने.” शेवटचं बोलली तेही हेच. ती घरी परतली नाही.

सगळं उरकल्यावर मुलगा निघायची तयारी करत होता. शेजारचे काका दारात आले. “जायच्या आधी आमचं तेवढं दार बघतोस का रे? खाली घासतंय.”

“नको काका,” तो म्हणाला. “मी लाकडाला हात लावत नाही आता. माझ्या हातचं टिकत नाही.”

आत बसलेल्या मिस्त्रींनी ते ऐकलं. ती दुपार त्यांच्यापुढे उभी राहिली. दांडीला त्यांनी गुण्या लावला होता. दांडी सरळ होती. शेवटी दोन्ही हातांनी धरून, पाय उचलून ते तिला लोंबकळले होते. ती करकरलीसुद्धा नव्हती. बापाला आनंद व्हायला हवा होता, पण त्यांना झोंबलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या कुठल्या कामावरून बायकोने असा मायेने हात फिरवला नव्हता. दोष सापडला असता तर त्यांनी दांडी राहूही दिली असती. सापडला नाही, म्हणून उतरवली. आणि स्क्रू फिरवता फिरवता ‘सैलच आहे’ हे स्वतःला असं काही पटवलं, की इस्पितळात आपण खोटं बोलतोय हेही त्यांना कळलं नाही. मग ती स्टुलं? ती तरी वाकडी होती का? पुढे विचार करायची त्यांची छाती झाली नाही.

झाकली मूठ झाकलेलीच ठेवता आली असती. सणावारी नाही तर नाही, निदान अडीअडचणीला तरी पोरगा येत राहिला असता. मिस्त्री उठून बाहेर आले.

“दांडी सैल नव्हती रे,” ते म्हणाले. “मी लोंबकळून बघितलं होतं. पक्की होती. माझ्यापेक्षा चांगली बसवली होतीस. मला ते सोसलं नाही.”

मुलगा पिशवी तशीच धरून उभा राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं.

“आईला माहीत होतं हे?”

“नाही. मलाच आत्ता कळतंय.”

“ती मला माफ करून गेली, बाबा,” तो म्हणाला. “माझं काही चुकलंच नव्हतं, हे तिला आता कोण सांगणार?”

मुलगा नमस्काराला वाकला, मग त्यांच्या बाजूने वळसा घालून पायऱ्या उतरला, आणि त्यांनी त्याला थांब म्हटलं नाही.