बेचाळीस गुणांचं स्थळ

परवापर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मागच्या दसऱ्यानंतरचा सोमवार, सकाळी साडेदहा. आकडा बेचाळीस. हजर मी एकटा.

बेचाळीस म्हणजे शंभरपैकी गुण. मुलगी प्राजक्ता साताऱ्यात रक्ततपासणीच्या लॅबमध्ये, आम्ही माधवनगरला. लग्नाच्या साइटवर तिचं नाव मीच नोंदवलं, पासवर्ड दोघांकडे. येणाऱ्या प्रत्येक स्थळाला मी वहीत गुण देत होतो — पगार, शिक्षण, घर आणि सातबारा. शेतीला वीस गुण. ती शेती करणार कोण होतं? कुणीच नाही. पण आमच्याकडे मुलगी देताना रान किती, हे विचारतातच. मीही विचारणाऱ्यांतलाच.

शिरवळच्या कारखान्यातला एक मुलगा तीन आठवडे तिच्याशी साइटवर बोलत होता. मी ते वाचत होतो — हेही सांगायलाच हवं. त्यानं सरळ लिहिलं होतं, गुंठाभरही रान नाही. वहीत त्याची बेरीज बेचाळीस. दोघांनी नंबर घेतले नव्हते. आमच्यात आधी घरचे बोलतात. ती दोनदा म्हणाली, "बाबा, त्यांच्या घरी फोन लावा की." मी उद्यावर ढकलत राहिलो. तोंडावर नाही म्हणायला काय झालं होतं मला? ती भांडली असती — आणि तिचंच खरं झालं असतं.

त्या सोमवारी ती कामावर असताना मी तिच्या नावानं लिहिलं — मला पुढं जायचं नाही. लगेच उत्तर आलं, 'स्पष्ट कळवलंत, बरं झालं. बाकीचे कळवतही नाहीत.' ते वाचलं, दोन्ही निरोप पुसले आणि त्याला ब्लॉक केलं.

संध्याकाळी तिचा फोन. "बाबा, तो दिसंनाच झालाय. नाव काढलं वाटतं."

"जाऊ दे," मी म्हणालो. "नसंल पटलं त्याला."

हे शेवटचं वाक्य — तेही खोटं, तेही माझंच.

आठवड्यानं तिनं साइटवरचा फोटो बदलला. नव्या फोटोत चष्मा नव्हता.

त्यानंतर एकदा मी माझे स्वतःचे गुण काढले. आष्ट्याचे अकरा गुंठे धरूनही एकोणचाळीस.

परवा ती सुट्टीला आली तेव्हा वही पुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. बराच वेळ ती पानं उलटत होती.

"माझ्या चष्म्याचं किती कापलं हुतं?"

"चष्म्याचा रकानाच नव्हता."

"मग वर्षभर मी उगंच लेन्स घालून डोळं चोळत बसले व्हय?"

तिनं त्याला अनब्लॉक करून पाहिलं. त्याचं नाव आता साइटवर नव्हतं. मग तिनं लेन्स काढल्या, खिशातला चष्मा घातला आणि माझ्यासमोरच पासवर्ड बदलला.

छाती हलकी झाली, हे कशाला लपवू? तिची झाली की नाही, मला ठाऊक नाही.

साइटची या खेपेची फी तिची तिनं भरली. नवा पासवर्ड मला माहीत नाही.