फी एकदम भरू नका

आमच्या बँकेत कर्जाचं काम बघणारे काका नाही म्हणायच्या आधी चष्मा काढून पुसायचे. खाजगी वैमानिकाचा परवाना मिळाल्यावर पुढच्या व्यावसायिक प्रशिक्षणासाठी मी कर्ज मागायला गेले, तेव्हा त्यांनी तो बराच वेळ पुसला.

प्रशिक्षण संस्थेला सगळी फी आगाऊ हवी होती. बँक तेवढं एकदम देईना, म्हणून बाबा हापूसची बाग विकायला निघाले. हे कळताच काका रविवारी स्कूटरवरून आरे-वारेला आमच्या घरी आले.

"बाग राहू दे," ते बाबांना म्हणाले. "जेवढं शिकून होईल तेवढीच फी भरायची. बँक तसे हप्त्याने पैसे देईल." मग माझ्याकडे वळले. "संस्थावाले ऐकत नसतील तर दुसरी संस्था बघ गो."

मला फार राग आला, पण बाबांनी ऐकलं. दुसरी संस्था मिळेपर्यंत माझं वर्ष गेलं. त्याच वर्षी पहिली संस्था बंद पडली आणि मुलांचे पैसे बुडाले.

वैमानिकाची नोकरी लागल्यावर मी पेढे घेऊन बँकेत गेले. काकांना पेढा दिला. काका म्हणाले, "पोरीचं वर्ष उगाच घालवलं की काय, ही धाकधूक मलाही होती गो."