चार डिस्कांची वाटणी

दामू गेल्याचं मला शेजारच्या शोभाने तिच्या मोबाइलवर दाखवलं. माझ्या भावाचा फोटो, भोवती झेंडूच्या फुलांची चौकट, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. हैदराबादेत बसलेल्या धाकट्या भाच्याने, नितीनने, ते चित्र तयार करून सगळ्यांना पाठवलं होतं. दामूचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. तेवढं चालत येऊन सांगायला कोणाला सुचलं नाही. मी ज्वारी निवडत होते. सूप बाजूला ठेवलं आणि निघाले. दारात मधला भाचा विलास भेटला. म्हणाला, “आत्या, तुम्हाला सांगायलाच निघालो होतो.” त्याच्या पायात चप्पलसुद्धा नव्हती.

याला आता दोन महिने होऊन गेले. दामूबद्दल गोड बोलणारे पुष्कळ आले, बोलून गेले. मी सगळं गोड बोलणार नाही. तो हट्टी होता, चिकित्सक होता, आणि स्वतःला कळलेली गोष्ट दुसऱ्याला सांगायचा त्याला भारी कंटाळा. बाजारात वांगी घ्यायची तर एकेक वांगं उलटंपालटं करून बघायचा, भाजीवाली वैतागून म्हणायची, “सोयरीक जुळवताय का, साहेब?” आमचे अप्पा श्रीपूरच्या कारखान्यावर उसाची बैलगाडी हाकायचे. मला चौथीनंतर शाळेतून काढलं, दामू शिकला, सोलापुरात सरकारी कचेरीत कारकून झाला. चार मुलं झाली. प्रकाश पुण्याला, विलासचं इथेच किराणा दुकान, नितीन हैदराबादला, ज्योती कोल्हापूरला दिलेली. बायको गेल्यावर दामू घरात एकटाच उरला. विलास जेवणाचा डबा पाठवायचा, पण राहायला वेगळा.

मग त्याने ते खूळ डोक्यात घेतलं. घरातले सगळे फोटो, लग्नांची चित्रीकरणं, जुन्या कॅसेटी, सगळं एका जागी साठवायचं, तेही आपल्याच घरात. मुलं म्हणाली, फुकट ठेवायची सोय इंटरनेटवर असते. दामू म्हणाला, “आपलं सामान दुसऱ्याच्या माळ्यावर कशाला?” दुपारी जेवून तो माझ्याकडे यायचा आणि मी लसूण सोलत असले की समोर बसून सुरू करायचा.

“अक्का, डिस्कांचा तयार डबा घ्यावा, का जुन्या कॉम्प्युटरलाच चार डिस्का जोडाव्यात?”

“मला काय विचारतोस? मला डबा म्हटला की पिठाचा माहीत.”

“म्हणूनच तुला विचारतो. तू मध्येमध्ये शहाणपणा सांगत नाहीस.”

असं पाच-सहा महिने चाललं. जुना कॉम्प्युटर वीज खातो, तापतो, आणि आपल्या मे महिन्यात माणूस टिकत नाही तिथे तो काय टिकणार, म्हणून शेवटी डबाच ठरला. चार डिस्का बसतील असा, मागे पंखा असलेला. मग डिस्का कोणत्या घ्यायच्या ते सुरू झालं. विटेच्या तुकड्याएवढी, हातात घेतली तर बरीच जड, अशी ती वस्तू. त्यातही जाती. काही नुसत्या घरच्या कॉम्प्युटरसाठी, काही दुकानातल्या पहाऱ्याच्या कॅमेऱ्यासाठी, काही रात्रंदिवस चालणाऱ्या कामासाठी. दामूने तिसरी जात पसंत केली. दुकानदार म्हणाला, एकाच खोक्यातल्या चार देतो. दामू तिथून उठला. मला म्हणाला, “एका दिवशी एका कारखान्यात जन्मलेल्या एकदमच मरायची भीती असते, अक्का.” म्हणून एक सोलापुरात घेतली, एक प्रकाशकडून पुण्याहून मागवली, एक नितीनकडून हैदराबादहून, एक ज्योतीकडून कोल्हापूरहून. मुलांनी आणून दिल्या. चार कशाला हव्यात, हे एकानेही विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

मला मात्र सांगितलं. मी म्हटलं, चार कशाला, एक मोठी घ्यायची. तर म्हणाला, “या चौघी मिळून एक. प्रत्येक गोष्ट तुकडे करून चौघींत ठेवली जाते. खांदेकरी चार असतात ना तसं. एकाचा पाय मुरगळला तरी तिघं नेतात. दोघं गळाले तर मढं रस्त्यात.” मी म्हटलं, “शुभ बोल की रे.” हसला. त्याच दुकानदाराने त्याला आणखी एक गोष्ट सांगितली होती, की साहेब, याची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा, एवढ्यावर विसंबू नका. दामूने ऐकलं नाही. “चार आहेत की,” म्हणाला. एकदा मनाने घेतलं की तो ब्रह्मदेवाचंही ऐकायचा नाही.

त्या डब्यात माझं म्हणून एकच होतं... अप्पांची कॅसेट. दामूने पहिल्या पगारात टेपरेकॉर्डर घेतला आणि श्रीपूरला अंगणात चालू करून ठेवला. मी तेव्हा दिवाळीला माहेरी आले होते. चुलीवर भाकरी माझ्याकडे. अप्पांना माहीतच नव्हतं की आवाज भरला जातोय. “सोने, भाकर करपली की गं! ध्यान कुटं हाय तुजं? सासरी हेच खायला घालतीस व्हय?” त्यावर मी काहीतरी उलट बोलते. “हिला द्येवानं जीभ दिली, पर येसन घालायची इसरला.” मग दामू हसतो आणि सांगतो की हे सगळं यात भरलंय. त्याबरोबर अप्पा एकदम खाकरून, पुढाऱ्यासारखे, “समद्यास्नी नमस्कार,” म्हणतात आणि पुढे काय बोलावं ते न सुचून गप्प बसतात. एवढंच. कॅसेटीतून डब्यात भरून घेतल्यावर फीत तुटली आणि दामूने कॅसेट टाकून दिली. रविवारी मी गेले की तो लावायचा. आता या वयात मला कोणी आत्या म्हणतं, कोणी काकू, कोणी आजी. ‘सोने’ म्हणून शिव्या घालणारा जगात तेवढा एकच आवाज उरला होता.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी चौघं भावंडं वाटणीला बसली. भांडण झालं नाही, बहिणीलाही बरोबरीने दिलं, याचं गल्लीने कौतुक केलं. कपाट झालं, पितळेची भांडी झाली, मग तो डबा आला. विलासने आतल्या डिस्का ओढून काढल्या आणि सतरंजीवर ओळीने मांडल्या. “बघा, बाबांनी बरोबर चारच घेतल्यात. एकेकाला एक.”

“विचार करूनच घेतल्या असणार,” प्रकाश म्हणाला. ज्योतीला रडू आलं.

मी म्हटलं, “त्या वेगळ्या करू नका. दामू म्हणायचा, त्या चौघी मिळून एक आहेत.”

“आत्या, तो काय चौरंग आहे का, पाय काढला की पडायला?” विलास म्हणाला. सगळे हसले. ज्योतीसुद्धा, डोळे पुसता पुसता.

“हसा. पण वेगळ्या करू नका.”

“आम्ही आपापल्या कॉम्प्युटरला लावून बघतो की,” नितीन म्हणाला. “तुम्हाला अप्पांचंच हवंय ना? ज्याच्याकडे निघेल तो पाठवेल.”

दामूने चार ठिकाणांहून आणलेल्या त्या डिस्का चार ठिकाणी गेल्या. रिकामा डबा कोणालाच नको होता. तो मला दिला.

पहिला फोन ज्योतीचा आला. “आत्या, यात काहीच नाही म्हणतंय. नव्याने तयार करू का, विचारतंय. मी घाबरून काढून ठेवली.” मी म्हटलं, शहाणी आहेस, घेऊन ये. ती एसटीने घेऊन आली, आईच्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून. प्रकाशने आळसामुळे बॅगेतून काढलीच नव्हती, ती कुरिअरने आली. नितीनला फोन केला तर म्हणाला, “रिकामीच होती, आत्या. मी हो म्हटलं आणि पोरांचे सिनेमे भरून टाकले.” विलासने तर घरी नेऊन बघितलीही नव्हती. सरळ दुकानातल्या कॅमेऱ्याच्या पेटीत बसवली, पेटीने आतलं सगळं पुसून घेतलं.

डबा आणि दोन डिस्का पिशवीत घालून मी आणि ज्योती दुकानदाराकडे गेलो. त्याने लावून बघितल्या. खुर्ची पुढे केली. “मावशी, तिसरी हवी. उरलेल्या दोघींतली कुठलीही.” ज्योतीने सगळं सांगितलं. त्याने हळूच मान हलवली आणि डबा परत पिशवीत घातला. “साहेबांना मी सांगितलं होतं...” एवढंच म्हणाला.

मुलांवर रागावून मी मोकळी झाले असते, पण राग दामूवरही आहे. डिस्का कशा मरतील याचा त्याने सहा महिने विचार केला. स्वतः मेल्यावर पोरं काय करतील, याचा एक दिवस केला नाही. मला सांगितलं, जिचं त्या घरात कोणी ऐकत नाही. पोरांना सांगायला जीभ झिजत होती काय?

मध्यंतरी साखर आणायला विलासच्या दुकानात गेले. गल्ल्याच्या वर कॅमेरा होता, खाली काळी पेटी. विचारलं, “यात आवाजही भरतो का?”

“भरतो की. गिऱ्हाईक नंतर नाही म्हणायला लागलं तर ऐकवता येतं.”

“दामूची डिस्क यातच ना?”

“आत्या, आता किती वेळा माफी मागू?”

मी पिशवी खाली ठेवली आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं, “दाम्या, गाढवा! चार डिस्का आनल्यास, आन् चार पोरांतल्या एकाला धड सांगून गेला न्हाईस व्हय रं!” तराजूपाशी उभी असलेली दोन माणसं वळून बघायला लागली. विलासचा चेहरा उतरला. “आत्या, गिऱ्हाईक आहे... आणि ते तसं राहत नाही. थोड्या दिवसांनी त्याच्यावरच नवीन भरतं.”

“पुसलं की परत येईन,” मी म्हटलं.

तशी परत जाऊनही आले. विलास आता मला लांबून बघितलं की खुर्ची पुढे करतो. मी बसत नाही. बसून शिव्या नीट देता येत नाहीत.