तळ्याकाठचे जपानी आजोबा

अमेरिकेतल्या मोटार-कारखान्यांच्या भागात, आमच्या ट्रॉय गावातल्या तळ्याकाठी एक जपानी आजोबा रोज फिरायला येत. मागे पावलं वाजली की बाजूला होऊन थांबत आणि माणूस पुढे गेल्यावरच चालू लागत. एकदा मी कारण विचारलं.

"तरुणपणी इथे लोकांनी माझी गाडी हातोड्यांनी फोडली. मी आत होतो. जपान आमच्या नोकऱ्या खातो, म्हणत होते. आता तेच लोक जपानी गाड्या कौतुकाने चालवतात."

"मग आता कसली भीती?"

"थांबायची सवय राहिली. भीती आता माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी. तुम्ही भारतातले ना? हल्ली दुकानात तीच वाक्यं तुमच्याबद्दल ऐकू येतात."

मी हसण्यावारी नेलं. संध्याकाळी ग्रोसरीच्या रांगेत बायकोचा फोन आला आणि मी तिच्याशी चक्क इंग्रजीत बोललो.

ती घाबरून म्हणाली, "अरे, काय झालं? कोण आहे तिथे?"