शेपटीवालं पोर

आज सकाळी फोडलेलं अंडं नासकं निघालं आणि त्या घाण वासासरशी मला कॉलेजचं प्रॅक्टिकल आठवलं. लग्नानंतर शिकत होते, गरोदर होते आणि स्वतःला भलतीच शहाणी समजत होते. सासूबाईंच्या, अंडी उबवत बसलेल्या खुडूक कोंबडीखालचं अंडं मी प्रॅक्टिकलला नेऊन बशीत फोडलं, तर आत लिबलिबीत, शेपटीवालं, काळ्या डोळ्याचं काहीतरी धडधडत होतं. सर म्हणाले, "सुरुवातीला आपणही जवळपास असेच. जनुकं बरीचशी तीच, पण कुठलं कधी चालू-बंद होतं ते बदलत गेलं, म्हणून एका पूर्वजाची कोंबडीही झाली आणि माणूसही." मी तिथंच ओकले. आपल्याच पोटातल्या पोराची किळस आली, म्हणून घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगताना हमसून रडले. त्या म्हणाल्या, "रडतीयास कशाला? शेपूट झडतंय की. तुझ्या नवऱ्याचं झडलं न्हाय व्हय?" इतका संसार झाला, तरी त्याबद्दल माझी अजून खात्री पटलेली नाही.