बाबलमामांची पंगत

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी बाबलमामा एकच प्रश्न विचारायचे. "जेवूक कितके बसले आसत रे?" म्हणजे किती प्रोग्रॅम उघडे आहेत. खिशात एक स्क्रू ड्रायव्हर आणि धूळ झाडायला दाढीचा जुना ब्रश, एवढाच त्यांचा कारखाना. कसालच्या बाजारात ते टीव्ही नि कॉम्प्युटर दुरुस्त करायचे, पण जीव सगळा पंगतीत. वालावलपासून तारकर्लीपर्यंत कुठेही ओळखीचं लग्न असलं की कमरेला पंचा बांधून भात वाढायला हे पुढे, आणि स्वतः जेवणार शेवटच्या पंगतीला.

त्यांची-माझी गाठ पडली ती माझ्याच मूर्खपणामुळे. मी लग्नाचे व्हिडिओ करतो. तारकर्लीच्या एका लग्नात नवरीचे वडील नव्हते, जहाजावरून सुट्टीच मिळाली नाही. पुढे ते दोन दिवसांसाठी घरी आले आणि परत जाण्याआधी त्यांना लेकीचं लग्न पाहायचं होतं. इकडे माझं एडिटिंगचं सॉफ्टवेअर 'मेमरी कमी आहे' असं सांगून सारखं बंद पडत होतं. मी मोठ्या शहाणपणाने नवी डिस्क आणून जोडली, तरी तेच. आमच्याकडे आहेराच्या रांगेतला एक पाहुणा गाळला तरी वर्षभर टोमणे ऐकावे लागतात, म्हणून हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं मी एकाच ठिकाणी कोंबलं होतं.

शेवटी मी मामांना बोलावलं. नवी डिस्क बघून ते गालात हसले. "कोठार वाढवलंस, मांडव तेवढोच रवलो. माणसां जेवूक मांडवात बसतत, कोठारात नाय. सगळो गाव एकाच पंगतीक बसवलंस तर वाढपी खंयसून चलतलो?" कोठार म्हणजे डिस्क, आणि मांडव म्हणजे चालू काम जिच्यात मावतं ती मेमरी.

मग त्यांनी मला कामाला लावलं. बाकीचे प्रोग्रॅम बंद. "आता उष्ट्यो पत्रावळ्यो उचल," म्हणजे सॉफ्टवेअरने साठवलेल्या जुन्या तात्पुरत्या फायली पुसायच्या. हळद, लग्न, आहेर, पाठवणी असे चार तुकडे पाडायचे, एक पुरा झाला की सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडायचं नि दुसरा घ्यायचा, चारी झाले की जोडायचे. मी घाई केली की म्हणायचे, "पयली पंगत उठांदे." संध्याकाळी नवरीचे वडील माझ्याच खोलीत येऊन बसले. पाठवणी सुरू झाली तसा तो दांडगा माणूस हुंदके देऊ लागला आणि मामा उगाच ब्रशने कीबोर्ड झाडत राहिले.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. त्यांच्या मुलीने तेराव्याला दाखवायला व्हिडिओ मागितला. मी टिपलेल्या लग्नांमधले मामा शोधून काढले, आणि एकही गाळवेना. सगळे एकदम घेतले. पडद्यावर आलं, मेमरी कमी आहे. मी एकटाच हसलो, डोळे पुसले आणि पंगती पाडायला बसलो.

शेवटची पंगत वाढप्यांची असते. त्या तुकड्यात मांडव रिकामा आहे, घामाने भिजलेले मामा पत्रावळीसमोर बसलेत आणि माझ्याकडे बघून म्हणतायत, "पुरे झाला शूटिंग. आता माका वाढ." त्यापुढे चित्र नाही. मी कॅमेरा ठेवून त्यांना भात वाढायला गेलो होतो.